फाटकावरचा बाण

२ मार्च

हात झिणझिणतायत. दिवसभर पहार! जमीन कसली, नुसता दगड.

काम काय — सात जुनी ठिकाणं. कुठे देऊळ, कुठे मठ, कुठे नुसती समाधी. शेतांमधून, टेकड्यांवरून एका वाटेनं जोडायची. लोक पायी येणार, सायकलवर येणार. आपण खांब पुरायचे आणि पिवळे बाण रंगवायचे. मुकादम म्हणतो, "जगाला वाट दाखवायची, आपण जागच्या जागी!"

संध्याकाळी आईचा फोन. "काय रे भिंगरी, टिकलास का?" आवाज अगदी बारीक. डॉक्टरांनी खाटेवरून उठू नको सांगितलंय. म्हटलं, येतो निघून. तर केवढी उखडली! "खबरदार! गॅरेज सोडलंस, बेकरी सोडलीस, शाळा तर चौथीतच. एक तरी काम तडीस ने, मग ये."

मग हळूच — "मला पण ने की बरोबर. कुठवर पोचलो ते सांगत जा. मी पडल्या पडल्या चालीन."

७ मार्च

पहिलं ठिकाण. देऊळ. दार एवढं बुटकं की कपाळ आपटलं. टेंगूळ! आईला सांगितलं तर हसता हसता खोकला लागला. "बघ, तू वाकत नव्हतास ना कुणापुढे!"

मग म्हणाली, "बूट काढले होतेस ना?"

काढले नव्हते. चिखलानं नाड्या आवळून बसलेल्या, कोण सोडवत बसणार. "काढले," म्हटलं.

"खोटारड्या!"

फोनवर हिला पाय दिसतात की काय!

१५ मार्च

दुसरं झालं, तिसरंही. दोन्हीकडे बूट काढले. तरी विचारलंच तिनं. आज दम लागत होता तिला, मधे मधे थांबत होती. "थांब रे, जरा बसू दे मला. चढ आहे." खाटेवर पडून चढ! मीही थांबलो.

२४ मार्च

चौथं. समाधी. शेताच्या मधोमध, वर छप्पर नाही. पाखरं आत-बाहेर.

फोन ताईनं घेतला. "आईचा घसा बसलाय. तू सांग, मी फोन तिच्या कानाशी धरते." सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "आई म्हणते, छान आहे."

२६ मार्च

आज अब्रूच गेली!

चौथ्याच्या पुढे वळणावर खडक लागलेला. खांब जाईना. मी शक्कल लढवली — शेजारी शेताचं फाटक होतं, त्यावरच बाण काढला. फाटक बंद होतं तेव्हा. आज सकाळी शेतकऱ्यानं ते उघडून पार मागे लोटलं, आणि माझा बाण थेट दगडाच्या खाणीकडे! वाट अजून खुली झाली नाही, पण हौशी लोक थांबतात का? एक आजी-आजोबा सायकली ढकलत खाणीच्या काठापर्यंत जाऊन आले. आजींनी मुकादमालाच धरलं. "कोण तो दीडशहाणा?"

मुकादम माझ्याकडे वळला. "उद्या म्हशीच्या पाठीवर काढ बाण! ती चरेल तिकडे जातील लोक!"

सगळे खिदळले. मला आधी राग आला, मग वाटलं, आज आईला सांगायला केवढं आहे! संध्याकाळी फोनवर म्हशीसकट सगळं सांगितलं. मुकादमाचा आवाज काढून.

पलीकडे काहीच नाही. मग ताई — "आई म्हणते, पुढच्या वेळी नीट बघ."

"आणि?"

"आणि काय... जपून राहा, म्हणते."

२७ मार्च

फाटकावरचा बाण खरवडून काढला. छिन्नी घेऊन तोच खडक फोडला आणि तिथेच खांब उभा केला. हात सोलवटले. मुकादम म्हणाला, "अरे, दोन पावलं पुढे माती होती की."

४ एप्रिल

पाचवं. मठ. मुकादम आज जवळ येऊन बसला. "चेहरा बघ तुझा. घरी जाऊन येतोस का?" नको म्हटलं. सातवं झाल्यावर.

रात्र होईपर्यंत ताईला सांगत बसलो. "आई म्हणते, अजून सांग." सांगण्यासारखं संपलं, मग नसलेलंही सांगितलं. विहीर नव्हती तिथे. विहीर आहे म्हटलं, पाणी गोड आहे म्हटलं. तीही ऐकत राहिली.

१६ एप्रिल

सहावं. ताईचा आवाज चोंदलेला. "सर्दी झालीय." वाफ घे म्हटलं. आणखी काय म्हणणार.

२५ एप्रिल

सातवं. शेवटचा खांब ठोकला, बाण रंगवला. नाड्या सोडवल्या, बूट बाहेर ठेवले. आत फरशी गार होती. तिथूनच फोन लावला.

"ताई, पोचलो. बूट काढलेत. आता तू आईचं बोलणं बोलू नकोस. दमली असशील."

रडू फुटलं तिला. "चौथं सांगितलंस ना, त्याच दिवशी सकाळी गेली रे. शपथ घातली होती मला, सातवं होईपर्यंत सांगायचं नाही. तुला... कधी कळलं?"

या वहीतही लिहिलं नव्हतं मी. लिहिलं असतं तर आई तिथेच थांबली असती.

"फाटकाला हसली नाही, तेव्हा."