रुई खाणारी मंडळी

३ फेब्रुवारी, मंगळवार
आले एकदाची भिवंडीत! टेमघरला गोदूबाईंकडे खोली मिळाली आणि पहिल्याच जेवणाला बोंबलाचं कालवण. मी सांगलीची, तरी दोनदा वाढून घेतलं.
लॅब म्हणजे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गाळ्यांना चिकटलेलं पत्र्याचं गोदाम. लूमची टाकाऊ रुई इथे गठ्ठ्यांनी येते. आमचे जनुकं बदललेले जिवाणू टाकीत ती खातात आणि पेट्रोलमध्ये मिसळायचा मद्यार्क करून देतात. मी त्यांना ‘मंडळी’ म्हणते. पंगतीला बसली की ताट चाटूनपुसून साफ! ठिणगी नको म्हणून मोबाइल मात्र गेटवरच्या पेटीतच ठेवायचा. लूमच्या खडखडाटात तो वाजला तरी ऐकू आला नसताच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
गोदाम सांभाळतात सावळारामकाका; इथे आम्ही दोघंच. मागचं दार गठ्ठ्यांनी पार बुजलंय. मोकळं करा म्हटलं, तर म्हणाले, जागा कुठं हाय, ताय? समोरचं शटर मोटरवर चालतं आणि वरचेवर रुसतं. हाताने ओढायची साखळी कधीच तुटलीय. त्यावर काकांचा उपाय तयार आहे, धामणकर नाक्यावरचा गॅस कटरवाला, ज्योतीने लोखंड कापणारा. अडकला तं कापाचा, न्हाय तं काय! इथे म्हणे सगळे हेच करतात. मला हसू आवरेना.

९ फेब्रुवारी, सोमवार
गठ्ठे ओले दिसले. वास गोडसर, आंबूस. रुई उडू नये म्हणून लूमवाले पाणी शिंपडतात, तसं काकांनी शिंपडलं. पण कुठलं? टाकीतून काढलेलं, मंडळींनी भरलेलं, उकळून त्यांना मारायला बाजूला ठेवलेलं. चांगलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणाले. लगेच पुण्याला आमच्या प्रमुखांना, चांगदेव सरांना कळवलंय. ते गुरुवारी दुपारी येतील. तोवर गठ्ठे हलवायचे नाहीत.

११ फेब्रुवारी, बुधवार, दुपार
अडकलेय. काका पुतणीच्या हळदीला गेलेत. मी गोदूबाईंना सांगून आले की कामावरून थेट वज्रेश्वरीला दर्शनाला जाईन, मुक्काम तिथेच. म्हणजे कुणी वाट बघणार नाही. फार शहाणी मी!
बाहेरची रुई उडून आत येते म्हणून शटर पाडलं आणि वीज गेली. तेव्हाच बघितलं, गठ्ठ्यांखालून मद्यार्क झिरपतोय. वाफेने डोकं गरगरतंय. वीज नव्हती तेवढ्यात मेन स्विच पाडून टाकला. आता वीज आली, शेजारी लूम सुरू झाले, पण मोटर लावायची माझी छाती होत नाही. एक ठिणगी पुरे.
घसा फुटेस्तोवर ओरडले. लूमपुढे माझं काय चालणार.

बुधवार, संध्याकाळ
गठ्ठे आतून पोकळ होऊन खचताहेत. मागच्या दाराशी तर नुसता लगदा साचलाय, पाऊल रुततं. ओढणी जमिनीवर राहिली होती, तिचाही लगदा झाला. मंडळी सुती काही सोडत नाहीत. शटरखालच्या फटीला नाक लावून पडलेय. फार भीती वाटतेय. आई—

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ
लूम थांबले! वीज गेली! जीव खाऊन ओरडले. काकांनी ओ दिली. रडूच आलं मला. म्हणाले, भिऊ नको ताय, कटरवाल्याला आनतो.
कटर नको, म्हणेस्तोवर पळाले. मागून ओरडत राहिले, पण—

वीज आली. लूम सुरू.

फटीतून पाय दिसताहेत. काकांचे, आणि दुसरे कुणाचे. सिलिंडर टेकवला. रात्रभर हळदीत पीत बसलेल्या माणसाला इथला दारूचा वास वेगळा काय येणार—

शटर बडवतेय. त्यांना वाटतंय, मी लवकर करा म्हणतेय. फटीशी हात खाली आणून हलवतात, थांब, येतोच—

पान फाडून लिहिलं, कटर नको, आग लागेल. फटीशी नेताना लगद्याने ओल्या हातातच विरलं. दुसरं पण. वही कडेने बुळबुळीत झालीय. मंडळींना कागदही चालतो. कागदही—

हे एकच कोरडं उरलंय. हेच सरकवते. मोठ्या अक्षरात—

काका कटर न