आत्याच्या लाल शाईचं नाटक

वडसा, १२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
वाकून नमस्कार. तू पाय मागे घेशील, तरी केलाच असं समज. वि. वि.

आधी बातमी, नाहीतर माझंच पोट फुटेल. मी नाटक लिहिलं! तीन अंकी! नाव 'पाळीवरची पारू'. कंपनीही माझीच. पोस्टरवर येईल: लेखिका दामिनी, निर्माती दामिनी, नायिका दामिनी. प्रेसवाल्यानं विचारलं, या तिघी बहिणी आहेत का.

एकोणीस वर्षं झाडीपट्टीच्या स्टेजवर मी नुसती रडले गं. नवऱ्यानं टाकलेली, दिरानं फसवलेली, पुरात वाहून गेलेली. माझी पारू एकदाही रडत नाही. तलावाची पाळ फुटू नये म्हणून अख्ख्या गावाला कामाला लावते आणि हसवत सुटते. जुने मालक म्हणाले, नायिका रडली नाही तर लोक खुर्च्या फेकतील. मी म्हटलं, फेकू देत, खुर्च्याही माझ्याच.

पहिला प्रयोग आपल्या दिघोरीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत व्हावा आणि तू पहिल्या रांगेत असावीस, एवढंच मला हवं आहे. मी नाटकात गेले तेव्हा तू चारचौघांत तलावाच्या पाण्याची शपथ घेतलीस, की या पोरीशी एक शब्द बोलणार नाही. पाळलीसही. पत्रं तेवढी शपथेत नव्हती, म्हणून आठव्याच दिवशी चार पानं आली. आत्या, आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, आणि माझं एकही नाटक पाहिलं नाहीस. हे तरी पाहा.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझी दमी

दिघोरी, २० सप्टेंबर

चि. दमीस,
आशीर्वाद. 'अनेक' लिहीत नाही, राग हाये अजून.

इथं सारे बरे. धान निसवून राहिला. टीना, माही नात, दिवसभर मोबाईलमंधी तोंड घालून बसते. तुह्यावरच गेली.

मंडईच्या कमिटीचा अध्यक्ष आता इश्वर हाये. त्याले तुह्या नाटकाचं सांगतलं तं म्हणे, नायिका रडत नाही तं बाया कायले येतीन? मी म्हणलं, घरी रडतेतच ना बाप्पा, तिथं तं हसू दे त्याहिले. तरी आयकेना. मंग सरळ त्याच्या मायले जाऊन सांगतलं. आता कसा नाही म्हणते, पाहतोच ना आपण.

मी मातर येणार नाही. शपथ म्हंजे शपथ. पण वही पाठव. तुही पारू पाळीवर उभी राहून कलेक्टरच्या बायकोवानी बोलत असन. सुधरवून देईन.

तब्येत सांभाळजो,
आत्या

वडसा, ३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
दोन्ही हातांनी नमस्कार, वि. वि.

इश्वरभाऊंचा फोन आला! सात नोव्हेंबर, पक्कं! मी आनंदानं घनश्यामकाकांना उचललंच. ते आमचे प्रॉम्प्टर, वजनानं हलके आहेत म्हणून बरं. आमच्याकडे तालमी होतात दोन, बाकी सगळा खेळ प्रॉम्प्टरच्या भरवशावर. तो विंगेतून वही वाचतो, आम्ही स्टेजवर तेच म्हणतो. तो शिंकला तर आम्हीही शिंकू, इतकी सवय.

वही एसटीनं पाठवते आहे. एकच आहे. झेरॉक्सच्या दुकानात लाईट नव्हती आणि मला धीर नव्हता. चार-दोन ठिकाणी शब्द बदल, बस. आणि यायचं काय ते पुन्हा विचार कर.

लोभ सुटू देऊ नकोस,
दमी

दिघोरी, २७ ऑक्टोबर

चि. दमीस,
आशीर्वाद, आज थोडे जास्त.

वही परत पाठवली. चार-दोन ठिकाणी म्हणली होती. बाई, मी ठिकाण सोडलंच नाही. लाल पेनाच्या तीन कांड्या सरल्या. तुही पारू दिवाळीत, कापणीच्या दिवसात, धानाचा रोवणा लावून राहिली! माय वो! लोकं तिले रोवणा शिकवाले स्टेजवर चढले असते. पान भरलं तिथं मागं लिहिलं, मागचं भरलं तिथं आडवं लिहिलं, अन् जागाच नुरली तिथं बाण मारून पुढच्या अंकात गेली.

आणखी एक. पारू घर सोडून जाते तं तिची माय नुसती दारात उभी! एक वाक्य नाही तिले. मायची काय दातखीळ बसली होती? चार पानं देली मी तिले.

वाचून सांगजो,
आत्या

वडसा, १ नोव्हेंबर

ती. आत्यास,
घाईचा नमस्कार.

घात झाला! नाटक भन्नाट झालंय. मायची चार पानं वाचून मी आणि पारूची माय करणारी डिंपल, दोघी भिंतीला टेकून बसून राहिलो. पण ते वाचणार कोण? घनश्यामकाकांनी वही सरळ धरली, आडवी धरली, उन्हात धरली आणि विचारलं, हे नाटक आहे की साडीची नक्षी. तुझे बाण कुठून निघतात आणि कुठं पोचतात हे जगात दोघींनाच कळतं. त्यातली एक मी, आणि मी तर अख्खं नाटक स्टेजवर. नव्यानं उतरवायला बसले तर पडदे, कपडे, तालीम कोण पाहील? निर्माती मीच ना!

आत्या, तू विंगेत बस. नाटक पाहू नकोस, वही पाहा. बोलशील ते माझ्याशी नाही, पारूशी. पारू काही शपथेत नव्हती. तू आली नाहीस तर माझं पहिलंच नाटक माझ्याच गावात तोंडावर पडेल. हे पत्र आजच्याच एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे; टीना उद्या तालीम पाहायला इकडे येतेय, तिच्या हाती निरोप दे.

पाया पडते, खरंच पडते,
दमी

दिघोरी, २ नोव्हेंबर

चि. दमीस,
आ.

लाल शाई माही, म्हणून येऊन राहिली. तुह्यासाठी नाही. पाठीची खुर्ची पायजे. चाय बिनसाखरेचा. घनश्यामनं जवळ बसून बिडी ओढाची नाही. तू विंगेत आली तं मी तोंड फिरवीन, वाईट वाटून घेऊ नको. पहिल्या रांगेत इश्वरच्या मायले बसवजो.

आत्या

अड्याळ, १० नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग, लोटांगण, म्हणशील ते.

दिघोरीनं डोक्यावर घेतलं गं! अड्याळवाले इश्वरभाऊंना विचारत आले, इथं घनश्यामकाकांनी माझ्याकडून बाण समजून घेत कसाबसा खेळ ओढला, आता सिहोऱ्याचंही बोलावणं आहे. पहिलं वाक्य तुझ्या आवाजात ऐकलं आणि मी ते दोनदा म्हटलं. आणि काय ते प्रॉम्प्टिंग! आमचा खलनायक निकेश काठी घेऊन पारूच्या मागं धावला, तर तू त्याला म्हणालीस, हळू पळ, पडशीन ना बाप्पा. तोही सवयीनं ते मोठ्यानं मलाच म्हणाला! इतका मायाळू खलनायक लोकांनी कधी पाहिला नव्हता. इश्वरभाऊंची माय हसून हसून खुर्चीतून घसरली.

मग तिसरा अंक. पारू निघाली, माय दारात. माझंच लिहिलेलं वाक्य, आणि मला आठवेना. मी तुझी वाट पाहिली. विंगेतून आलं, जेवली काय वं दमे. पारू नाही, दमे! आणि मी मेलीनं तेच मोठ्यानं डिंपलला विचारलं. ती बिचारी गोंधळून म्हणाली, नाही जेवली. मग मला रडू फुटलं ते आवरेचना. सगळा मंडप रडला. इश्वरभाऊ आता सांगत फिरतात, नायिका रडते म्हणून.

पडदा पडला तशी धावत आले, तर खुर्ची रिकामी. आत्या, मी वहीतला एकेक बाण धरून पाहिला. ते वाक्य कुठंच नाही. कोणाला म्हणालीस ते?

वाट पाहते,
दमी

दिघोरी, १४ नोव्हेंबर

चि. दमीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

रडली काहून? वहीत रडणं कुठी होतं? चांगलं चाललेलं नाटक भिजवून टाकलं.

वही पाहासाठी बसली होती, पण डोळे आयकतेत काय कोनाचे? तुले पाह्यलं. गावाले हसवून राहिली होती, पोरं खुर्च्यावर उभी होती, अन् मी एकोणीस वर्षं हे पाह्यलंच नाही. मंग पारू जाऊन राहिली तवा तुहं तोंड सुकलेलं दिसलं, तं निंघून गेलं तोंडातून. पारूले नाही, तुलेच म्हणलं. मंग भेव वाटलं अन् घरी पळाली.

सकाळी तलावाच्या पाळीवर गेली. पाण्याले सांगतलं, मोडली बा शपथ. पाणी होतं तसंच होतं. मी आपली एवढे वर्षं फुकटची घाबरून कागद काळे करत राहिली.

सिहोऱ्याले येईन. घनश्यामले सांगजो, खुर्ची माही हाये. टीनानं मले मोबाईल उचलाचा शिकवला, हिरवं दाबाचं म्हणे. या पत्राले उत्तर लिहू नको, फोन कर. हिरव्यावर बोट ठेवून बसली आहो.

तुही आत्या