मिनिकॉयला जाणारा मचवा

मंगळूर,
ता. २८ फेब्रुवारी १९५६

ती. गं. भा. वन्सं यांचे चरणी सत्यवतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल किल्तान बेटावरून मंगळूरला सुखरूप परत आलो. तुमचं पत्र काशिराम शेटच्या वखारीत आमची वाट बघत होतं. चांगो तांडेल आणि त्याचे दोघे खलाशी मचव्यावर पाणी भरताहेत, म्हणून लिहायला सवड मिळाली. पेन्शन घेतल्यावर लोक बायकोला काशीला नेतात, तुमच्या भावाने मला समुद्रात आणून सोडलं आहे. अंगाला सदा मीठ, भाताला सदा धुराचा वास. जमिनीवर उतरलं तरी पाय डुलतच राहतात.

बेटं खरंच सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण वन्सं, ती बघायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. हे विचारतात, पाणी कसलं हिरवं आहे? मी सांगते, मुगाच्या डाळीसारखं, कैरीच्या सालीसारखं. पुढे स्वयंपाकघरातले हिरवे संपले आणि मी नुसतं छान आहे म्हणू लागले. सांगून सांगून तोंड दुखतं. गेल्या आठवड्यात किल्तानला ह्यांनी हेच विचारलं, तेव्हा ह्यांचं तोंड समुद्राकडे नव्हतंच, माडांकडे होतं. डावा डोळा काचबिंदूने गेला हे आपल्याला ठाऊक होतं. आता उजवाही चालला आहे. मी पाण्याचा रंग तेवढा सांगितला.

आता मिनिकॉयला जायचं म्हणतात. ते फार दूर दक्षिणेला आहे. तिथे असताना पाऊस लागला, तर समुद्र बंद होऊन नारळी पौर्णिमेपर्यंत तिथेच अडकू. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून पार पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसतात. काय करू ते कळवा. फार दमले आहे.

आपली,
सत्यवती


पनवेल,
ता. ६ मार्च १९५६

चि. सौ. सत्यवती हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शेजारच्या गणूला बरोबर घेऊन बसने मुंबईला गेले आणि दाजीचा डावा डोळा ज्यांनी तपासला होता त्या डॉक्टरांना भेटले. वाचलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, उजवा डोळा अजून वाचवता येईल, पण एप्रिल ओलांडू नका. पाऊस संपल्यावर आणाल तर मला करण्यासारखं काही उरणार नाही, असं स्पष्टच म्हणाले. माझ्या गुडघ्यांनी परतीच्या वाटेवर माझं जे केलं ते लिहीत नाही.

दाजी हट्टी नाही, भित्रा आहे. तो बारा वर्षांचा असताना आमच्या आबांच्या डोळ्याला डॉक्टरांनी शस्त्र लावलं आणि होतं नव्हतं तेही गेलं. पुढे आबांचा हात धरून त्यांना सगळीकडे नेण्याचं काम दाजीकडे होतं. म्हणून तो पळतो आहे. त्यात जकात खात्याच्या लाँचवर तीस वर्षं काढली, कोणत्या बेटावरून किती काथ्या आला ते कागदावर लिहिलं आणि एक बेट पाहिलं नाही. तेव्हा पळायला जागाही मिळाली.

मी लिहून तो ऐकायचा नाही. एकदा नाही म्हटलं की स्वतःला पटलं तरी माघार घेणार नाही. तू नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नाहीस, त्याचं मला कौतुक होतं. आता नाही. कसंही कर आणि त्याला घरी आण.

इकडे सगळं ठीक. मी एकटीच जेवते, त्याचाही आता कंटाळा आला आहे. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी,
अक्का


रत्नागिरी,
ता. २६ मार्च १९५६

ती. वन्सं यांस सत्यवतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गावाचं नाव वाचून दचकू नका. तुमचं पत्र वाचलं आणि मी पाप केलं. मंगळूर सोडताना ह्यांना म्हटलं, चला मिनिकॉयला. आणि चांगोला बाजूला नेऊन मचवा पनवेलकडे घ्यायला सांगितलं. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, बाय, आमी खोटा बोलनार नाय, पन गप रावू. तेवढ्यावर चाललं आहे.

चाळीस वर्षांत ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, आता रोज सकाळपासून तेच करते. उजवीकडे गोव्याचा किनारा दिसत असताना मी केरळातले माड सांगत होते. आज पाणी भरायला रत्नागिरीला थांबणं भाग होतं. बंदरावर सगळे मराठीत ओरडताहेत! मी ह्यांना सांगितलं की हे कण्णूर आहे आणि आपल्याकडची बरीच गलबतं इथे आली आहेत. हे बरं म्हणाले. इतका विश्वास ठेवतात माझ्यावर.

डोळा वाचला तर मला क्षमा करतील. नाही वाचला, तर आबांसारखंच झालं आणि ते मी फसवून केलं, असं होईल. मग ह्यांच्यासमोर कशी उभी राहू? आठवड्याभरात पोचू. डॉक्टरांना कळवून ठेवा.

आपली,
सत्यवती


रत्नागिरी, तिचं कण्णूर,
ता. २६ मार्च

ती. अक्कास दाजीचा शि. सा. नमस्कार.

कागदाला घड्या घालून, घडी बोटाने चाचपत लिहितो आहे. ओळीवर ओळ चढली तर सांभाळून घे. सत्यवती पाणी भरून घ्यायला उतरली आहे, पत्र चांगोकडे देतो.

मंगळूर सुटल्यावर दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा नाळेकडे तोंड करून बसलो होतो. सकाळचं ऊन उजव्या गालावर आलं. दक्षिणेला जाणाऱ्याच्या उजव्या गालावर सकाळी ऊन कसं येईल? तीस वर्षं लाँचवर काय झोपा काढल्या? असा संताप आला की चांगोला हाक मारणार होतो. तेवढ्यात ती शेजारी येऊन बसली आणि केरळातले माड सांगू लागली. आवाज कापत होता. तिला खोटं अजिबात बोलता येत नाही, अक्का. मी हाक मारली नाही.

खरं सांगतो, मी दमलो आहे. किल्तानला मला नुसता उजेड दिसला, बेट दिसलं नाही. परत फिरू या, असं तेव्हाच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मी त्या सुरीला तयार झालो असा अर्थ झाला असता, आणि मला अजून आबांचं ओरडणं ऐकू येतं. मला जे बोलवत नव्हतं ते तिने न विचारता केलं. उद्या काही बिघडलं तर ती दोष स्वतःकडे घेईल. तेव्हा तू तिला हे पत्र दाखव. त्याआधी नको, चांगलं झालं तर तिचं तिला राहू दे.

पनवेलच्या खाडीत शिरलो की चिखलाचा वास लपणार नाही, हे अजून तिच्या लक्षात आलेलं नाही. तू बंदरावर ये. उतरताना मी विचारीन, हे कोणतं बेट. तिला काही सुचणार नाही, ती रडेल. तू पुढे हो आणि मिनिकॉय म्हणून सांग. इथे डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर आहे, असंही सांग. मी दाखवून घेऊ म्हणेन.

लोभ माझ्या वाटचाही तिच्यावर असू दे.

तुझा,
दाजी