चूलबंद नाताळ

टेमघर, भिवंडी
१४ डिसेंबर

ती. ताईस,

रामनाथचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच वाकतो, गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींची साखर ताब्यात आहे ना, की अजून चहात चोरून दोन चमचे टाकतात? म्हैस व्यायली का? इकडे माधवी, कुणाल, मृणाली सगळी खुशाल आहेत. आता तू म्हणशील, कशेळी ते टेमघर अर्ध्या तासाचा रस्ता, आणि हा पत्र काय लिहीत बसलाय. पण दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, आणि रस्त्यावर त्या कंटेनरांची रांग अशी असते की पोस्टमन माझ्याआधी पोचेल. लोक विचारतात, ताई का येत नाही? मी सांगतो, ट्रॅफिक. दोन वर्षांचं ट्रॅफिक कुणाला पटत नाही, पण भिवंडीत कुणी त्यावर वादही घालत नाही.

कुणालच्या लग्नाचा विषय मी या पत्रात काढणार नाही. वसईची, ख्रिस्ती घरातली मुलगी करतोय हे तुला आत्या असून भावकीतल्या लडकूकडून कळलं, आणि तू म्हणालीस, "परक्यासारखं कळवलंस, आता परक्यासारखीच राहीन," आणि मी म्हणालो, रहा. तो विषय मी काढणार नाही म्हटल्यावर काढत नाही. हे पत्र फक्त एवढ्यासाठी, की यावेळी तरी घरातली बातमी लडकूच्या आधी माझ्याकडून तुझ्यापर्यंत पोचावी. बातमी नाताळची आहे.

मागचे दोन नाताळ मृणाली माहेरी गेली होती. यंदा तिचे आईवडील तिच्या भावाकडे दुबईला गेले आहेत, वहिनीचं बाळंतपण आहे. पोरगी वसईच्या घराची किल्ली हातात घेऊन खिडकीपाशी बसलेली मला दोनदा दिसली. (मला दिसली म्हणजे चोरून पाहिली असं नव्हे, मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता असं माधवी सांगेल, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.) मला काही ते बघवेना. म्हटलं, मृणाली, यंदा नाताळ आपल्याकडे, तू सांगशील तसा. तिने हिशोबाच्या वहीचं एक पान फाडून त्यावर सगळं लिहून दिलं: खर्च थोडा, धावपळ अजिबात नाही, माणसं चार. असं शहाणं पान आपल्या घराण्यात आजवर कुणी लिहिलेलं नाही.

आधी ठरलं की बाहेर जाऊ. अलिबाग, लोणावळा इथले त्या आठवड्याचे भाव कुणालने मोबाईलवर दाखवले, तेव्हा मला वाटलं बंगला विकत मिळतोय. म्हणून मी वज्रेश्वरी काढली. जवळ आहे, एसटी जाते, गरम पाण्याची कुंडं आहेत, माझ्या कमरेलाही बरं. खोली बघायला म्हणून आम्ही चौघं गेल्या रविवारी गेलो. माधवीला सांगितलं होतं की सकाळी जाऊन संध्याकाळी यायचंय, तरी तिने तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि भाजलेले बोंबील घेतले. लॉजच्या माणसाने पिशवीकडे एकदा पाहिलं, हवेत एकदा नाक उचललं आणि देवस्थानाजवळ हे चालत नाही असं अगदी नम्रपणे सांगितलं. त्याचं बरोबरच होतं. पण मृणाली म्हणाली, मटणाशिवाय आमचा नाताळ होत नाही, माधवी म्हणाली, मटणाशिवाय आमचं काहीच होत नाही, आणि सासूसुनेचं इतकं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं. बोंबील आम्ही परतीच्या वाटेवर बसथांब्यावर उभ्याने खाल्ले आणि ठरवलं, नाताळ घरीच.

घरी तर खर्चच नाही. दिवाळीचा कंदील माळ्यावर आहे, तो चांदणीचाच आहे. राहिली गव्हाण. बाळ येशू गव्हाणीत जन्मला, तिचा देखावा मृणाली दरवर्षी करते, त्याला पेंढा लागतो. ताई, आपल्या बापजाद्यांनी ज्या जमिनीत भात काढलं तिथे आज तीन गोडाऊनं उभी आहेत, आणि त्या तिन्ही गोडाऊनांच्या मालकाला, म्हणजे तुझ्या भावाला, सबंध टेमघरात मूठभर पेंढा मिळाला नाही. भाडेकरूकडे गेलो तर त्याने मोठ्या आदराने दोन पोती थर्माकोलचे तुकडे आणि फुगे असलेलं प्लास्टिक दिलं. माधवी तेव्हापासून ते फुगे फोडत बसली आहे, टीव्ही लावत नाही. एवढाच काय तो फायदा झाला.

इथवर सगळं पानाप्रमाणे चाललं होतं. मग लडकू आला. तुझ्या-माझ्या या चुलतभावाला भावकीत आमंत्रणं देण्याचा मान आहे, आणि घरात कुठे मटणाचा विचार जरी झाला तरी त्याला कळतं. मी त्याला सांगितलं की चार माणसांचा सण आहे. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दादा, चार मानसांचा कुठं सन असतो? चूलबंद सांगतो सगल्यांना." आणि मी काही बोलेपर्यंत स्कूटर गेलीसुद्धा. तुला आपला रिवाज सांगायला नको. चूलबंद म्हणजे त्या दिवशी आमंत्रण असलेल्या घरात चूल पेटत नाही, अख्खं घर जेवायला येतं, दिलेल्या लेकीबाळींसकट. आणि रुसवे असले तरी चूलबंदाला नाही म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत माणसं दीडशे झाली.

त्यानंतरचं काय सांगू. अर्ध्या आळीला वाटलं हळद आहे, बायका पिवळ्या साड्या काढून बसल्या. एकाने आहेराच्या पाकिटावर नाव कुणाचं घालू म्हणून विचारलं. नाक्यावर बॅनर लागला आहे, त्यावर चांदणी लिंबाएवढी आणि गॉगल घातलेला लडकू दरवाजाएवढा. शेवटी मृणालीनेच सगळ्यांना समजावलं की बाळाचा वाढदिवस आहे असं धरा. वाढदिवस म्हटल्यावर आपल्या लोकांना पुढचं काही शिकवावं लागत नाही. खर्चाची मला धास्ती होती, पण शेजारी चोवीस तारखेला हळद आहे, तो मांडव एक दिवस तसाच राहणार. तांदूळ घरोघरून येतोय, भाकऱ्यांना पंधरा बायका ठरल्या आहेत. मृणालीला कुणी कामाला हात लावू देत नाही. काल ती ओट्यावर बसून म्हाताऱ्यांना वसईचं नाताळचं गाणं शिकवत होती, आणि म्हाताऱ्या ते हळदीच्या चालीवर म्हणत होत्या. पोरगी पोट धरून हसत होती. किल्ली कपाटात गेली आहे.

तर अशी बातमी आहे. तू यावंस असा माझा काही आग्रह नाही. भाऊजींना नमस्कार, म्हशीची काळजी घे.

तुझा धाकटा
रामनाथ

ता. क. पेंढ्याचं मात्र बघ. तुझ्याकडे म्हैस आहे म्हणजे पेंढा आहेच. एक लहान भारा पुरे. पाठवू नकोस, हल्ली रिक्षावाले भारा घेत नाहीत, सोबत माणूस लागतं. कुणाल पंचवीस तारखेला सकाळी गाडी घेऊन येईल, भाऱ्यासोबत बसायला घरातलं कुणी असलं तर बरं.

आणखी एक. वर लडकूबद्दल जे लिहिलं त्यात थोडी गडबड आहे. तो आपणहून आला नव्हता, मी बोलावला होता. चूलबंद हा शब्दही आधी मीच काढला. तो बिचारा तीनदा विचारत होता, "दादा, नक्की सगल्यांना? कशेलीला पन?" मी म्हटलं, कशेळीला तू जाऊ नकोस, तिथलं मी बघतो. बॅनरवरचा मोठा फोटो त्याला त्या बदल्यात दिला आहे.

शेवटचं. मृणालीचं ते पान या पत्रासोबत ठेवलं आहे. माणसं चार असं मी वर लिहिलं, पण पानावर पाच आहेत: आई, बाबा, कुणाल, मी, आणि कशेळीच्या आत्या. पाचवं नाव मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तुला एकटीला बोलवायचं तर आधी माफी मागावी लागली असती, ती टाळायला मी दीडशे माणसं बोलावली. आता मांडव आहे, मटण आहे, माणसं आहेत, आणि माफी राहिलीच आहे. तुला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ताई. चुकलो. ये.

पेंढा नाही आणलास तरी चालेल.