तीनदा मोजलेली माती

प्रिय दादा,

अहवाल कुठे अडकला, असं विचारतोस. अडकला नाही, मीच धरून बसले होते.

तू बोलावलंस तेव्हा बरं वाटलं होतं. घरची बहीण माती तपासते, मग बाहेरच्याला कशाला, म्हणालास. रोपवाल्याने रोगट रोपं दिली म्हणून बाग वाळली, जमीन सोन्यासारखी आहे, एवढंच तुला कोर्टासाठी लिहून हवं होतं. मी नमुना काढायचं लोखंडी कडं जमिनीत ठोकायला घेतलं. मऊ मातीत ते चार घावांत जातं. तुझ्या बागेत हातोड्याचा दांडा सुटला. कड्यातली माती भट्टीत वाळवली, तोलली, वजनाला कड्याच्या आकारमानाने भागलं. घनता अशी, की आत हवा-पाण्याला जागाच नाही. "अगं, खडा आला असेल," तू म्हणालास. मग ढेकूळ मेणात बुडवून पाण्यात तोललं. तेच उत्तर. शेवटी खड्डा खणला, निघालेली माती वाळवून तोलली, खड्ड्यात प्लास्टिक अंथरलं आणि तो भरायला किती पाणी लागतं ते मोजलं. पुन्हा तेच उत्तर. तू तोवर घरात जाऊन झोपला होतास.

खड्ड्यात मुळं दिसली. रोपासोबत आलेल्या मातीच्या गोळ्यातून बाहेर पडलेली आणि भिंतीला धडकल्यासारखी माघारी वळलेली. ओल्या जमिनीवर अवजड यंत्रं फिरवू नका, ती दबून घट्ट होते, असं रोपवाल्याने तुला हात जोडून सांगितलं होतं. "रोपं विक, अक्कल विकू नकोस," हे तुझं उत्तर आईने ऐकलंय.

तीन-तीनदा का मोजलं? कारण हा तोच माणूस. मला मागणी घालायला आला, तेव्हा सगळ्यांदेखत तू त्याला पायरीवरून ढकललंस. चिखलात हात घालणाऱ्याला बहीण देणार नाही, म्हणालास. जुन्या मायेने मी आकडा वाकवला, असं कुणी म्हणायला नको होतं. आकडा वाकला नाही. त्याची रोपवाटिका मात्र तुझ्या दाव्यापायी बंद पडली.

आई बरी आहे. तिला आणि तिची पेटी माझ्या दारात टाकून गेलास, तेव्हापासून तुझं नाव काढत नव्हती. काल काढलं. सोमवारी कोर्टात मी त्याच्या बाजूने साक्ष देणार, हे तिला सांगितलं होतं. "खरं तेच सांग," म्हणाली. मग म्हणाली, "पण दादाला आधी कळव गं. चारचौघांत मान खाली जायला नको त्याची." तिचा शब्द मोडवत नाही, म्हणून हे पत्र. माझं म्हणशील, तर मला ती मान खाली गेलेलीच बघायची होती.

तुझीच,
पाठची बहीण