पाहणीपुरता कोट

४ मार्च
आज मला शास्त्रज्ञ केलं! गोदामातल्या आम्हा सहा हमालांना पांढरे कोट दिले आणि संशोधन विभागात नेऊन उभं केलं. सरकारी पाहणी होती. आमच्या परदेशी कंपनीला सरकारकडून जमीन फुकटात मिळाली ती 'इथे संशोधन करू' या बोलीवर. कसलं संशोधन! पाणी गाळायची यंत्रं तिकडून तयार येतात. आम्ही खोके फोडायचे, इथलं लेबल चिकटवायचं — झालं. संशोधन विभागातल्या मशिनींवरचं प्लास्टिकसुद्धा कालच काढलं.
मुकादम म्हणाला, "तोंड उघडायचं नाही. काचेच्या नळीकडे बघत कपाळाला आठ्या घालायच्या." आमच्यातल्या जाड्याने अशा घातल्या की पाहुणे म्हणाले, "यांना बरं नाहीये का?" हसून हसून पुरेवाट.
कोटातला फोटो घरी पाठवला.

९ मार्च
नको होता पाठवायला. आई गल्लीभर दाखवत सुटलीय. ताईचा फोन — "तुमच्याकडे संशोधन चालतं आणि बोलला नाहीस? गाढवा, मी अर्जसुद्धा टाकला!"
ताई रसायनात एम.एस्सी. पाणी शुद्ध करण्यावरच तिचा अभ्यास. आणि घेते काय, तर पोरांच्या शिकवण्या. तेव्हाच सांगायचं होतं. नुसतं हं हं करत राहिलो.

२० मार्च
ताईला नकार. 'सर्व जागा भरलेल्या आहेत.'
मुकादमाला विचारलं, कुठल्या जागा? तो हसायलाच लागला. "तुझीच की रे! कागदावर तू संशोधन सहायक आहेस."
माझ्या बहिणीच्या खुर्चीत मीच बसलोय — तेही न बसता!
ताई उलट माझीच समजूत काढते. "असू दे. आपल्या घरातलं एक माणूस तरी आत आहे ना."

२१ मार्च
ताईचा फोन आला. उचलला नाही.

२३ मार्च
धीर करून कंपनीच्या साहेबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, माझं नाव काढा, बहिणीला घ्या, ती खरी शिकलेली आहे.
"प्रश्नांना उत्तरं देईल?"
"कसल्याही!"
"बघतो."
वाटलं, माणूस वाईट नाही.

२ एप्रिल
ताईला घेतलं! साहेब खूश — "पाहणीला बोलणारं एक माणूस हवंच होतं. एरवी बसेल लेबलं चिकटवत."
ताईने शिकवण्या आजच बंद केल्या. फोनवर रडत होती आनंदाने. "पहिलं काम कशावर देतील रे?"
म्हटलं, आलीस की कळेलच.