चॅपेलला चुना

किल्लापाडा, १४ नोव्हेंबर १९९६

ती. नागेशदादास, कुंदाचा शि. सा. न.

तुझं डोकं फिरलं होतं का? एप्रिलात दुबईहून सुट्टीवर आलेल्या केरूबरोबर तू आबांना निरोप धाडलास की किल्ल्याशेजारच्या चॅपेलची डागडुजी करताना चुनाच लावा. त्या शहाण्याने तो भर नाक्यावर सांगितला. सगळे खो खो हसले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले आबा लालबुंद झाले. म्हणाले, देवाच्या घराला मी चुना लावणार? मग इरेला पेटून त्यांनी आतून-बाहेरून जाड सिमेंट थापलं.

आता पावसाळा सरला, तर खाडीकडच्या भिंतीला पोट सुटलंय. आठ डिसेंबरला फेस्त, चॅपेलचा वर्षाचा सण. सगळा गाव आत दाटीवाटीने बसेल. आबा म्हणतात, काही होत नाही. मला धडकी भरते. पोस्टातला फोन बंद आहे, ताबडतोब लिही.

लोभ तिकडच्या उन्हात वाळू देऊ नकोस.
तुझी कुंदा

सोनापूर, दुबई, २८ नोव्हेंबर

चि. कुंदास, अ. आ.

अगं, मी भट्टीतला खरा चुना म्हणत होतो! शारजाला खाडीकाठच्या जुन्या किल्ल्यावर आम्ही तोच लावतो. आमचे हमीद उस्ताद म्हणतात, जुन्या भिंतीला सिमेंटने कोंडलं की आत पाणी साठतं आणि भिंत खलास.

पोट सुटलंय म्हणजे आतला भराव सुटलाय. आता सिमेंट फोडायलाही जाऊ नका. कुणाला आत सोडू नका, फेस्त असो की काही. आबांना सांग, मी हिणवलं नव्हतं. थापी धरायला त्यांनीच शिकवलं ना मला?

चिठ्ठी गावी निघालेल्या दौलतकडे देतोय. वेळेत पोचू दे म्हणजे झालं.

सर्वांना जप, माझ्यावर माया असू दे.
नागेश

किल्लापाडा, ९ डिसेंबर

ती. नागेशदादास, शि. सा. न.

चिठ्ठी पाच तारखेला मिळाली. आबांनी दोनदा वाचली. मग चॅपेलला कुलूप घातलं आणि फेस्ताच्या सकाळपर्यंत दारात बसून राहिले. लोक वाट्टेल ते बोलले. काम खोटं केलं म्हणून घाबरला, असंही. आबांनी मान खाली घालून सांगितलं की चूक माझीच आहे. दादा, हे त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पाद्रींनी नाइलाजाने मिस्साची प्रार्थना किल्ल्याच्या पटांगणात ठेवली. रिवाजाप्रमाणे बुरुजावरून तोफेचा बार निघाला आणि चॅपेलची ती भिंत छपरासकट खाली बसली. धूळ विरेपर्यंत कुणी हललं नाही. आबा तेवढे धावत, दरवर्षी त्याच भिंतीलगत बसणाऱ्या गाणाऱ्या पोरांकडे गेले आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजू लागले. तीनदा मोजली. तिन्ही वेळा एकवीसच्या एकवीस भरली.

असाच जीव लावत राहा.
तुझी कुंदा